चौथ्या आठवड्यात गादी बसते, अमोनिया येतो आणि औषध तीनच दिवस पुरते

उघड्या बाजूंच्या ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या) शेडमध्ये पावसाळ्यात पडणाऱ्या बॅचबद्दल एकच तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. पहिले पंधरा-अठरा दिवस गादी (पक्ष्यांखाली जमिनीवर पसरलेला तुसाचा थर) कोरडी असते, पिल्ले टवटवीत असतात आणि मरतूक नगण्य असते. विसाव्या दिवसाच्या सुमारास निपलच्या (पक्षी चोच लावून पाणी पितात त्या तोट्यांच्या) ओळीखालची गादी काळपट आणि चिकट होऊ लागते, तिच्यावर ढेपेसारखा थर बसतो, पहाटे पडदे उघडताना डोळ्यांना झोंबणारा वास येतो, आणि लासोटाचा (रानीखेत रोगावरील जिवंत लसीचा) बूस्टर झाल्यावर चार-पाच दिवसांत पक्ष्यांना घरघर लागून मरतूक वाढते. मेलेला पक्षी उघडला की हृदयावर आणि यकृतावर पिवळसर पांढरा पापुद्रा दिसतो. ई. कोलाय या जिवाणूचे निदान होते, पाण्यातून अँटिबायोटिक दिले जाते, मरतूक दोन-तीन दिवस उतरते आणि पुन्हा चढते. बॅच गेल्यावर शेड धुतले जाते, जंतुनाशकाची फवारणी होते, चुना मारला जातो, नवे तूस येते, आणि पुढच्या बॅचला विसाव्या-बाविसाव्या दिवशी तोच वास पुन्हा येतो.

या सगळ्यात लक्ष वेधून घेणारी बाब अशी की, जंतू मारण्याचे सर्व उपाय दर वेळी होतात आणि तरीही तेच जंतू त्याच वयात, बहुधा शेडच्या त्याच कोपऱ्यात, पुन्हा हजर होतात. ई. कोलाय हा कोंबडीच्या आतड्यातला कायमचा रहिवासी असल्यामुळे तो कोठून आला हे शोधण्यात फारसा अर्थ नसतो. त्याला त्या कोपऱ्यात काय मिळते हे शोधले, तर मात्र उपाय सापडतो. पुढील विवेचन पाच हजार पक्ष्यांच्या, सिमेंट पत्र्याच्या, पडद्यांच्या साध्या शेडला समोर ठेवून केले आहे. बंदिस्त, पंखे व पॅड असलेल्या शेडचे हिशेब वेगळे असतात, जरी तत्त्व तेच असले.

गादीत कोण राहते

भाताचे नवे तूस पसरले जाते तेव्हा त्यात जिवाणू असतात, पण थोडे, आणि बहुतेक माती-धान्यातले. पहिल्या काही दिवसांतच पिल्लांच्या विष्ठेतून लॅक्टोबॅसिलस, एंटरोकॉकस, ई. कोलाय असे आतड्यातले जिवाणू तिच्यात उतरतात. पुढे तूस, विष्ठा, पिसे, सांडलेले खाद्य आणि सांडलेले पाणी यांचे असे मिश्रण तयार होते की त्याच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी जिवाणू सापडतात. यातले बहुसंख्य पक्ष्याला अपाय करत नाहीत. आतड्यातून बाहेर पडलेल्या जिवाणूला गादी हे परके घर असते. तेथे उष्णता कमी, प्राणवायू जास्त, क्षार जास्त आणि पाणी कमी असते. म्हणून कोरड्या, भुसभुशीत गादीत काही दिवसांत आतड्यातली मंडळी मागे पडतात आणि कोरडेपणा व क्षार सोसणारे जिवाणू वरचढ होतात. स्टॅफिलोकॉकसच्या निरुपद्रवी जाती, कोरिनीबॅक्टेरियम, ब्रेव्हिबॅक्टेरियम, ब्रॅकिबॅक्टेरियम, सॅलिनिकॉकस ही त्यांतली नेहमी आढळणारी नावे आहेत.

हे पारडे कोणत्या बाजूला झुकेल ते मुख्यतः पाण्यावर ठरते, आणि येथे 'किती पाणी' याइतकेच 'किती मोकळे पाणी' याला महत्त्व आहे. तुसाच्या किंवा क्षारांच्या पकडीत असलेले पाणी जिवाणूला पिता येत नाही. मोकळ्या पाण्याचे माप ० ते १ या पट्टीवर करतात. साल्मोनेलाची वाढ साधारण ०.९३ च्या खाली थांबते, तर स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखा जिवाणू ०.८६ पर्यंतही वाढू शकतो. गादीची ओल २० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर आतड्यातल्या रोगकारक जिवाणूंना वाढण्यापुरते मोकळे पाणी मिळत नाही. ती ३५ टक्क्यांपलीकडे गेली की मिळू लागते. त्यातच ओल्या गादीवर पक्ष्यांच्या पायांनी दाब पडून वरचा थर घट्ट बसला, तर त्याच्याखाली हवा पोहोचत नाही आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्या हवेविना जगणाऱ्या, बीजाणू करून वर्षानुवर्षे टिकणाऱ्या जिवाणूला आयता निवारा मिळतो. कॉक्सी (कॉक्सिडिओसिस) या आतड्याच्या रोगाच्या परजीवीच्या ऊसिस्टांनाही, म्हणजे विष्ठेतून पडणाऱ्या अंड्यांसारख्या कोशांनाही, संसर्गक्षम होण्यासाठी ओल, ऊब आणि हवा या तिन्ही गोष्टी लागतात. ओल्या गादीच्या पृष्ठभागावर त्या तिन्ही मिळतात आणि दोन दिवसांत ते तयार होतात. कॉक्सीने आतड्याचे अस्तर फाडले की क्लॉस्ट्रिडियमचे काम सोपे होते. अशा रीतीने ओल एकच असते, आणि तिच्यावर दोन-तीन रोग एकमेकांचा हात धरून उभे राहतात.

अमोनियाही जिवाणूंचेच काम आहे, मात्र ते करणारे जिवाणू वेगळे असतात आणि स्वतः रोग करत नाहीत. कोंबडी नत्राचा कचरा युरिक आम्लाच्या रूपात, विष्ठेवरच्या पांढऱ्या टोपीच्या रूपात, बाहेर टाकते. गादीतले जिवाणू ते टप्प्याटप्प्याने फोडून युरिया आणि शेवटी अमोनिया करतात. हे काम ओल, ऊब आणि विम्लता (अल्कधर्मीपणा) वाढेल तसे वेग घेते. अमोनिया हवेत किती निसटतो ते गादीच्या सामूवर (pH वर; ७ च्या खाली आम्ल, वर विम्ल) अवलंबून असते: सामू ७ असताना त्याचा एक टक्क्याहून कमी भाग वायुरूपात मोकळा असतो, ८ ला सुमारे पाच टक्के, आणि ९ ला एक तृतीयांशाहून अधिक. नव्या तुसाचा सामू ७ च्या खाली असतो आणि वापरलेल्या गादीचा ८ ते ९ च्या दरम्यान जातो. पहिले पंधरा दिवस वास न येण्याचे आणि मग तो एकाएकी आल्यासारखे वाटण्याचे एक कारण हेच आहे.

हवेत अमोनिया २५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत २५ भागांच्या) वर राहिला की श्वासनलिकेतली घाण वर ढकलणारी बारीक केसांसारखी लव निकामी होऊ लागते. लासोटासारख्या जिवंत लसीची स्वाभाविक प्रतिक्रिया त्याच दिवसांत त्याच अस्तरावर चालू असते. मग एरवी खोकल्यावाटे बाहेर पडणारा धुळीतला ई. कोलाय हवेच्या पिशव्यांपर्यंत उतरतो. म्हणून 'लस बाधली' असे जे म्हटले जाते, त्यात पुष्कळदा लसीपेक्षा गादीचा वाटा मोठा असतो असे माझे मत आहे.

आधी जागा शोधावी, मग कारण

एका शेडमधली गादी सगळीकडे सारखी नसते आणि तिच्यातले जिवाणूही सारखे नसतात. निपलखालची, खाद्याच्या भांड्याजवळची, भिंतीलगतची आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यातली गादी या व्यवहारतः चार वेगवेगळ्या वस्त्या आहेत. त्यामुळे 'गादी ओली आहे' हे वाक्य निदानाच्या कामाचे नाही. वहीच्या एका पानावर शेडचा आयत काढावा, निपलच्या ओळी, खांब, दरवाजे, पाण्याची टाकी आणि पावसाची दिशा मांडावी, आणि अठराव्या दिवसापासून दर तीन दिवसांनी कोठे गादी बसली ते पेन्सिलीने रंगवावे. तिसऱ्या खेपेपर्यंत चित्र बोलू लागते. ओलीचा पट्टा निपलच्या ओळीबरोबर सरळ धावत असेल तर दोष पाण्याच्या व्यवस्थेत आहे. तो पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या जोत्यालगत असेल तर पावसाची झड किंवा जमिनीतून चढणारी ओल आहे. ठिपके पत्र्याच्या सांध्यांखाली असतील तर गळती किंवा पत्र्याला साचलेले दव आहे. आणि सगळे शेड एकसारखे ओलसर असेल तर हवा, पक्ष्यांची दाटी किंवा आतडे यांपैकी काहीतरी बिघडले आहे.

ओल मोजण्यासाठी मुठीची परीक्षा पुरेशी आहे. गादीची मूठ घट्ट आवळून सोडावी: ती लगेच विस्कटली तर गादी ठीक आहे, गोळा होऊन हलक्या बोटाने फुटला तर ती सीमेवर आहे, गोळा तसाच राहिला किंवा तळव्याला ओल लागली तर उशीर झालेला आहे. आकडा हवा असेल तर सहा-आठ ठिकाणची गादी पूर्ण खोलीतून घेऊन मिसळावी, तिच्यातले १०० ग्रॅम तोलावे आणि १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवावे. उरलेले वजन ६८ ग्रॅम भरले तर ओल ३२ टक्के होती. मात्र ढेपेचा नमुना वेगळा ठेवावा. चांगल्या गादीत मिसळल्यास सरासरी गोड दिसते आणि निदान चुकते.

वासाच्या बाबतीत स्वतःच्या नाकावर भरवसा ठेवू नये. जो रोज शेडमध्ये पाच-सहा तास वावरतो त्याचे नाक अमोनियाला सरावते. बाहेरून आलेल्या माणसाला पहाटे, पडदे उघडण्याआधी, पक्ष्यांच्या डोक्याच्या उंचीवर उकिडवे बसवून विचारावे. उभ्या माणसाच्या नाकाशी आणि बसलेल्या पक्ष्याच्या नाकाशी हवा वेगळी असते. युरोपीय संघाच्या २००७ च्या ब्रॉयलरविषयक निर्देशात दाट पक्षी ठेवणाऱ्यांसाठी अमोनियाची मर्यादा २० पीपीएम घातली आहे आणि ती कोंबडीच्या डोक्याच्या पातळीवर मोजावी असे म्हटले आहे, ते याच कारणाने. पक्ष्यांचे तळपाय हा आणखी एक साक्षीदार आहे. एकविसाव्या दिवशी शेडच्या निरनिराळ्या भागांतले पन्नास पक्षी उचलून तळपाय पाहावेत. काळे चट्टे जेथे अधिक, तेथे गेल्या आठवड्यात गादी ओली होती, मग आज ती वरून कितीही कोरडी दिसो.

पाणी: सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित हिशेब

पाचव्या आठवड्यातला एक पक्षी दिवसाला सुमारे १६० ग्रॅम खाद्य खातो आणि सौम्य हवामानात त्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी पितो. पाच हजार पक्ष्यांचे हे पाणी दिवसाला साधारण १५०० लिटर होते. ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असते आणि बाकीचे बरेचसे श्वासावाटे हवेत जाते. अंगात साठते ते थोडेच. आता दुसरी बाजू पाहावी. पाच हजार चौरस फुटांवर तीन इंच तूस पसरले तर ते सुमारे साडेतीन ते चार टन भरते. म्हणजे हवेने पाणी वाहून नेले नाही, तर ही संपूर्ण गादी दोन-तीन दिवसांत लगदा होण्याइतके पाणी पक्षी तिच्यावर रोज सोडत असतात. एकही थेंब सांडला नाही तरची ही गोष्ट आहे. गादी कोरडी राहणे हीच मुळात आश्चर्याची बाब आहे, आणि ज्या शेडमध्ये ती राहते तेथे कोणीतरी हवा आणि पाणी दोन्ही नीट सांभाळत असते.

निपलची उंची ही पहिली तपासणी. पक्ष्याने मान वर करून, पाय सरळ ठेवून, साधारण ४५ अंशांच्या कोनात चोच लावली पाहिजे. निपल खाली राहिले तर पक्षी बाजूने चोच मारतो आणि पाणी चोचीच्या कडेने गळते. उंची दर दोन-तीन दिवसांनी वाढवावी लागते, आणि नेमके चौथ्या आठवड्यात, कामे वाढल्यावर, हे राहून जाते. दुसरी तपासणी दाबाची: रेग्युलेटर (पाण्याचा दाब आवरणारे साधन) नसलेल्या, उंच टाकीवरून थेट जोडलेल्या लाइनमध्ये दाब गरजेहून जास्त असतो आणि प्रत्येक चोचीला दोन थेंब तोंडात, एक गादीवर असा वाटा पडतो. लाइनची पातळीही पाहावी, कारण उतार असेल तर खालच्या टोकाला दाब वाढतो आणि ढेप तेथेच सापडते. बेल ड्रिंकर (घंटेच्या आकाराचे टांगते पाण्याचे भांडे) वापरत असल्यास त्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला असावी आणि पाण्याची पातळी कमी ठेवावी.

तिसरी तपासणी बहुतेक जण करत नाहीत. आपल्याकडे बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. निपलच्या पिनेवर क्षार बसतात, पिन पूर्ण मिटत नाही आणि रात्रभर ठिबकत राहते. त्यातच पहिल्या दिवशी दिलेले गुळाचे पाणी, नंतरची जीवनसत्त्वे आणि औषधे यांचे अंश नळीत राहतात आणि आतून बुळबुळीत थर धरतो. त्या थरात राहणाऱ्या जिवाणूंपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही. प्रत्येक औषधानंतर लाइनचे टोक उघडून जोराच्या पाण्याने ती धुवावी, आणि दोन बॅचच्या मधे क्षार काढण्यासाठी आम्ल, त्यानंतर लाइन पुरती धुऊन जैविक थर काढण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड, अशा क्रमाने सफाई करावी. ही दोन रसायने, तसेच आम्ल आणि ब्लीचिंग पावडर, एकत्र कधीही मिसळू नयेत. आम्ल आणि ब्लीचिंग यांच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. बोअरच्या पाण्यात सोडियम जास्त असेल तर पक्षी जास्त पितो आणि पातळ हगतो, म्हणून पाण्याची रासायनिक तपासणी एकदा तरी करून घ्यावी.

हवा: पडदे बंद ठेवण्याची चूक

पावसाळ्यात बाहेरची हवा दमट असते, ती आत घेतली तर गादी आणखी भिजेल, असा समज सार्वत्रिक आहे आणि तो वरवर तर्कशुद्धही वाटतो. पण हवा तापली की तिची पाणी धरण्याची ताकद झपाट्याने वाढते. बाहेर २४ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असलेली हवा पक्ष्यांच्या अंगच्या उष्णतेने २८ अंशांपर्यंत तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७० टक्क्यांवर येते आणि ती प्रत्येक घनमीटरमागे आणखी चार-पाच ग्रॅम पाणी उचलून नेऊ शकते. ढोबळ हिशेबाने, दिवसाला एक हजार लिटर पाणी बाहेर काढायचे असेल तर दोन लाख घनमीटर हवा शेडमधून जावी लागते. मध्यम उंचीच्या आपल्या शेडमधली हवा त्यासाठी दिवसातून दीडशेहून अधिक वेळा बदलली पाहिजे. पडदे संध्याकाळी सहा ते सकाळी सात घट्ट बंद राहिले तर यातला निम्म्याहून अधिक वेळ वाया जातो. रात्री आतली हवा पाण्याने संपृक्त होते, गार पत्र्याला लागून दव धरते आणि ते थेंब परत गादीवर पडतात. पहाटेचा झोंबरा वास हा त्या तेरा तासांचा जमाखर्च असतो.

यावर उपाय म्हणजे पडदा खालून न उघडता वरून उघडणारा असावा आणि वरची एक ते दीड फुटाची फट, झड नसलेल्या बाजूला तरी, रात्रभर मोकळी ठेवावी. झडीच्या बाजूला छपराचा पुढे आलेला भाग तीन-चार फूट असेल तर तेथेही फट ठेवता येते. थंड वारा थेट पिल्लांच्या अंगावर येऊ नये एवढी काळजी पुरते. ब्रुडिंगच्या (लहान पिल्लांना ऊब देण्याच्या) काळात मात्र गॅसच्या शेगडीतून उष्णतेबरोबर पाण्याची वाफही निघत असते हे ध्यानात ठेवून, ऊब टिकवण्यासाठी शेड हवाबंद करण्याऐवजी ब्रुडिंगची जागा आतल्या पडद्याने लहान करावी. वारा पडलेल्या दिवसांत साधे पंखे गादीच्या पृष्ठभागावरून हवा फिरेल असे तिरपे लावल्यास मोठा फरक पडतो.

दाटीचा मुद्दा थोडक्यात: आपल्याकडे एका पक्ष्याला एक चौरस फूट हा रूढ हिशेब आहे. पावसाळ्यात तोच आकडा ठेवणे म्हणजे गादीला न झेपणारे पाणी तिच्यावर लादणे होय, १.१ ते १.२ चौरस फूट दिल्यास पक्षी कमी होतात, पण माझ्या पाहण्यात मरतूक आणि एफसीआर (एक किलो वजनवाढीला लागणारे खाद्य) यांतून ते नुकसान भरून निघते. उन्हाळ्यात उलट टोकाची काळजी असते. ओल १५-२० टक्क्यांच्या खाली गेली की धूळ उडते, आणि वाळलेल्या विष्ठेच्या धुळीत ई. कोलाय दीर्घकाळ जिवंत राहतो. त्यामुळे 'जितकी कोरडी तितकी चांगली' हा नियमही खरा नाही.

जमीन, तूस आणि खाद्य

जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड-दोन फूट उंच नसेल किंवा जमीन मुरमाची असेल, तर पावसाळ्यात ओल खालून चढते. अशा गादीचा वरचा थर कोरडा आणि तळ काळा असतो, त्यामुळे खोदून पाहिल्याशिवाय ती कळत नाही. तूस टाकण्याआधी जमिनीवर प्लॅस्टिकचा एक तुकडा विटांनी दाबून रात्रभर ठेवावा. सकाळी खालून पाणी धरलेले दिसले तर दोष जमिनीचा आहे.

तुसाची जाडी पावसाळ्यात तीन ते चार इंच हवी. भाताचे तूस पाणी फार शोषत नाही, पण ते लवकर सोडते आणि हवा खेळती ठेवते, हा त्याचा गुण आहे. ते महाग झाले की लाकडाचा भुसा, शेंगांची टरफले किंवा उसाचे बगॅस (रस काढल्यावर उरणारे चिपाड) वापरले जाते. बगॅस शोषते चांगले, पण ओल धरून ठेवते आणि त्यातल्या उरलेल्या साखरेवर बुरशी लवकर येते. ॲस्परजिलस या बुरशीची बाधा झालेली पिल्ले पहिल्याच आठवड्यात धापा टाकताना दिसली तर गादीकडे आधी पाहावे. पोत्यात गरम लागणारा किंवा कुबट वासाचा माल परत पाठवावा.

सगळे शेड एकसारखे ओले असेल आणि निपल निर्दोष असतील, तर विष्ठेकडे वळावे. खाद्यात मीठ जास्त झाले, सोयापेंडीतून पोटॅशियम जास्त गेले, मक्यात बुरशीचे विष असले किंवा कॉक्सीची सुरुवात असली, तर विष्ठा पातळ होते. कंपनीचे खाद्य असल्यास तक्रार करताना बॅग क्रमांक आणि विष्ठा पातळ झाल्याची तारीख दोन्ही हाताशी असावीत.

चुना आणि तुरटी

गादी बसली की तिच्यावर चुन्याची फक्की टाकून दाताळ्याने खालीवर करण्याची पद्धत जवळजवळ सगळीकडे आहे. पक्षी आत असताना ही पद्धत बहुतेक वेळा उलटते. चुन्याने सामू एकदम वर जातो, गादीत अमोनियमच्या रूपात बांधलेला नत्र मोकळा होऊन वायुरूपाने निसटतो आणि त्या रात्री शेडमध्ये श्वास घेणे अवघड होते. चुना काही पाणी शोषतो हे खरे, आणि सामू फार वर गेला तर जिवाणूही मरतात, पण तेवढा चुना पक्ष्यांच्या पायांना आणि डोळ्यांना सोसत नाही. चुन्याची जागा रिकाम्या शेडच्या धुतलेल्या जमिनीवर आहे. तेथे तो उत्तम काम करतो.

पक्षी आत असताना किंवा येण्याआधी सामू खाली आणणारा पदार्थ हवा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अर्कान्सास राज्यातील फेएटव्हिल येथील केंद्रात फिलिप मूर यांनी १९९० च्या दशकात यासाठी ॲल्युमिनियम सल्फेट, म्हणजे पाणी शुद्ध करण्यासाठी वापरली जाणारी तुरटी, वापरण्याची पद्धत रुजवली. ती गादीतील ओलीशी मिळून आम्लता देते, अमोनिया अमोनियम सल्फेटच्या रूपात गादीतच बांधला जातो, युरिक आम्ल फोडणारे जिवाणू मंदावतात आणि खताची प्रतही सुधारते. सोडियम बायसल्फेटही याच तत्त्वावर चालते. तुरटीचे प्रमाण १०० चौरस फुटांना सुमारे अडीच ते साडेचार किलो असे ठेवतात आणि ती पिल्ले येण्याआधी गादीत मिसळतात. परिणाम साधारण तीन-चार आठवडे टिकतो. अर्थात सामू घटला की जिवाणू मागे सरतात तशी बुरशी पुढे येते, म्हणून आधीच ओल्या असलेल्या गादीवर तुरटीचा उतारा पुरा पडत नाही.

अँटिबायोटिकबद्दल

आजारी पक्ष्यांवर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने उपचार करावेच लागतात. पण दर बॅचला बाविसाव्या दिवशी ठरवून अँटिबायोटिक देणे हा गादीच्या दोषावर पांघरूण घालण्याचा प्रकार आहे. पाण्यातून दिलेल्या औषधाचा काही भाग विष्ठेतून गादीत उतरतो, तेथे दाद न देणारे जिवाणू टिकतात आणि गादी खत म्हणून शेतात जाते. कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर भारत सरकारने २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी बंदी घातली ती याच चिंतेतून. औषध देण्याआधी ताज्या मेलेल्या पक्ष्याच्या हृदयाचा किंवा यकृताचा नमुना संवेदनशीलता चाचणीसाठी (जंतूवर कोणते औषध चालते ते पाहण्यासाठी) पाठवावा. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या नागपूर, परळ, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील महाविद्यालयांपैकी जवळच्या ठिकाणी आधी चौकशी करावी. गादीचा नमुना पाठवून 'ई. कोलाय सापडला' असा अहवाल आणण्यात मात्र हशील नाही. तो प्रत्येक गादीत सापडतो.

जुनी गादी की नवी

अमेरिकेत एकाच गादीवर अनेक बॅच घेतात. मधल्या काळात फक्त ढेप उचलतात किंवा गादीचे लांब ढीग घालून ५५ अंशांच्या वर काही दिवस तापू देतात, मधे एकदा उलटतात आणि पुन्हा पसरतात. पुरेशा जुन्या, कोरड्या गादीत साल्मोनेला नव्या तुसापेक्षा लवकर मरतो हे बऱ्याच काळापासून माहीत आहे; तेथील अमोनिया, चढा सामू, कमी मोकळे पाणी आणि आधीपासून ठाण मांडून बसलेले जिवाणू त्याला जगू देत नाहीत. याचा अर्थ आपणही जुनी गादी ठेवावी असा मी काढत नाही. आपल्या उघड्या शेडमध्ये, पावसाळ्यात, जुन्या गादीचा अमोनिया पहिल्याच आठवड्यात पिल्लांच्या डोळ्यांवर येईल, आणि मागच्या बॅचमध्ये रोग झाला असेल तर तो विचारच करू नये. मात्र यावरून एवढे समजते की शेड निर्जंतुक करण्याच्या मागे लागून तिसऱ्यांदा फवारणी केल्याने काही साधत नाही. त्याच पैशांत रेग्युलेटर बसतो.

चालू बॅच हातातून जात असेल तर

ढेप फोडून परत गादीत मिसळू नये. तिच्याखालचा अमोनिया आणि बीजाणू सगळीकडे पसरतात. ती फावड्याने उचलून घमेल्याने थेट बाहेर न्यावी, मोकळ्या जागेवर कोरडे नवे तूस टाकावे आणि हे काम दुपारी, सर्व पडदे पूर्ण उघडून करावे. ढेप नसलेली, नुसती ओलसर गादी मात्र रोज दाताळ्याने हलवावी; लसीकरणाच्या आदल्या दिवसापासून चार दिवस ते थांबवावे, कारण त्या दिवसांत उडणारी धूळ आणि वायू नको असतो. निपलची उंची त्याच दिवशी दुरुस्त करावी आणि ठिबकणारी निपले खुणेचा दोरा बांधून संध्याकाळपर्यंत बदलावीत.

बॅच गेल्यावर गादी उचलणाऱ्यांना बोलावण्याआधी एकदा रिकाम्या शेडमधून वहीतला नकाशा घेऊन फिरावे. ढेप उचलल्यावर तिच्याखालची जमीन ओली आहे का, तिच्या वर कोणता निपल आहे, त्याच्या वर पत्र्याचा सांधा आहे का, हे पाहून खडूने खांबावर खूण करावी. शेड धुतल्यावर हा पुरावा उरत नाही.